लग्नात पाहुण्यांना भेटायचं कसं? स्टेजवरची रांग, दारात उभं राहणं की टेबलाटेबलाशी जाणं?

मधली_बहीण

नमस्कार मंडळी. लग्न जवळ आलंय, बाकी बरंचसं ठरलंय, गाडी अडलीय ती एकाच गोष्टीपाशी. पाहुणे साधारण २२०. विधी आटोपल्यावर हॉल अडीच तास आमच्या ताब्यात आहे. तेवढ्यात सगळ्यांना भेटायचं कसं यावर घरात तीन पक्ष पडलेत.

आई-बाबा म्हणतात, तुम्ही दोघं स्टेजवर उभे राहा, लोक रांगेने येतील, शुभेच्छा देतील, फोटो काढतील, उतरतील. कोणी राहून जात नाही. होणाऱ्या नवऱ्याचं म्हणणं, विधी संपला की हॉलच्या दाराशी उभं राहू, जेवायला जाताना प्रत्येकाला भेटू, पंधरा मिनिटांत मोकळे. मला मात्र टेबलाटेबलाशी जाऊन भेटायचंय. पाहुणी म्हणून स्टेजच्या रांगेत उभी राहते तेव्हा माझं लक्ष नवरा-नवरीकडे नसतंच, पुढचा माणूस कधी सरकतोय याच्याकडे असतं. माझ्या लग्नात लोकांनी तसं ताटकळावं असं वाटत नाही.

आईला टेबलांची कल्पना पटत नाही, कारण 'अर्धी टेबलं राहून जातील आणि मग आयुष्यभर ऐकून घ्यावं लागेल'. तिचंही खोटं नाही. अनुभव असलेल्यांनी सांगा.

निमूट

रांग नको. एवढंच.

ढोबळमान

आधी हिशेब करू, मग भावना.

२२० माणसं म्हणजे जोडपी आणि कुटुंबं धरून साधारण ९० गट. स्टेजवर चढणं, दोन शब्द, फोटोसाठी उभं राहणं, उतरणं, यात एका गटाचे ४० सेकंद कुठेच जात नाहीत. ९० गुणिले ४०, बरोबर एक तास. कोणी रेंगाळलं नाही तर.

तुमच्या होणाऱ्या नवऱ्याचं गणित: १५ मिनिटांत ९० गट म्हणजे गटाला १० सेकंद. दहा सेकंदांत चार जणांच्या कुटुंबाशी काय बोलणार? वीस सेकंद धरा, अर्धा तास होतो. त्यात विधी संपला की सगळे एकदम उठतात. दाराशी गर्दी तुंबणारच.

टेबलं: दहा जणांचं एक धरलं तर २२ टेबलं. प्रत्येकी तीन मिनिटं आणि पुढच्या टेबलापर्यंत पोचायला अर्धं मिनिट. ७७ मिनिटं. म्हणजे वेळ सर्वांत जास्त यालाच लागतो, हे आधी मान्य करा.

पण हा झाला तुमचा वेळ. पाहुण्यांचा मोजला तर चित्र उलटं होतं. स्टेजच्या तासाभराच्या रांगेत सगळे सुरुवातीलाच उभे राहिले तर पहिला लगेच सुटतो, शेवटचा तासभर थांबतो, सरासरी अर्धा तास. २२० माणसांचा प्रत्येकी अर्धा तास म्हणजे ११० तास उभं राहण्यात गेले. टेबलांवर तुम्ही ७७ मिनिटं फिरलात तरी पाहुणे बसलेले, खातायत, गप्पा मारतायत. त्यांचं उभं राहणं शून्य. आता कोणी दमायचं, यजमानांनी की पाहुण्यांनी, एवढाच प्रश्न उरतो.

रांगेतला_शेवटचा

११० तास!! हे घरी मोठ्याने वाचून दाखवणार.

जुनी_वही

अगं बाळा, सगळे रांगेवर तुटून पडलेत म्हणून तिची बाजू घेते. मी माझ्या मुलांच्या लग्नात यजमान म्हणून उभी राहिले आहे आणि पाहुणी म्हणून तर विचारूच नकोस.

रांगेचा एक गुण कोणी बोलत नाही. बुजऱ्या माणसाला ती सोडवते. तुझ्या बाबांच्या ऑफिसातला एखादा सहकारी, जो तुला ओळखतही नाही, तो रांगेत येतो, 'अभिनंदन' म्हणतो, आलो होतो हे तुझ्या बाबांना दिसतं, आणि तो मोकळा. तोच टेबलावर बसलाय, तोंडात घास आहे, आणि तुम्ही दोघं समोर येऊन उभे. आता त्याने उठायचं? हात पुसायचे? बोलायचं काय? तुझं प्रेम त्याला संकट वाटेल.

दुसरं, म्हाताऱ्या माणसांना आपण येऊन गेलो याची नोंद हवी असते. रांगेत ती होते. टेबलांच्या फेऱ्यांत अमक्या काकांपर्यंत पोचेपर्यंत ते औषधाची वेळ झाली म्हणून निघून गेलेले असतात. मग तू म्हणणार भेटले नाहीत, ते म्हणणार कोणी विचारलं नाही.

माझं मत स्टेजला आहे असं नाही. पण रांग म्हणजे नुसता छळ, हे मला पटत नाही.

मधली_बहीण

@जुनी_वही, काकू, घासाचा मुद्दा डोक्यातच आला नव्हता. बाबांच्या ऑफिसची दोन टेबलं आहेत आणि त्यातल्या कोणालाच मी ओळखत नाही.

@ढोबळमान, नवऱ्याला हिशेब पाठवला. 'हा माणूस लग्नांना जातो की लेखापरीक्षणाला' असा निरोप आहे.

तिरपागडा

२२० चं काय घेऊन बसलात? अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रुझवेल्ट यांनी १ जानेवारी १९०७ ला व्हाइट हाउसच्या नववर्ष समारंभात ८,५१३ लोकांशी हस्तांदोलन केलं होतं. विक्रम म्हणून नोंद आहे. तुमच्या हिशेबाने त्यांनी लग्न केलं असतं तर ८५२ टेबलं.

अर्थात त्यांच्या आधीचे अध्यक्ष मॅकिन्ली यांना १९०१ मध्ये बफेलोच्या प्रदर्शनात अशाच भेटीच्या रांगेत गोळी लागली. मारेकऱ्याने पिस्तूल रुमालात गुंडाळून आणलं होतं. तेव्हा रांगेत रुमालवाल्यांकडे लक्ष ठेवा.

काठावरची

लग्नाच्या धाग्यावर काय हे अभद्र! @तिरपागडा, तुम्हाला कुठल्याच रांगेत घेऊ नये.

पण रुझवेल्टवरून एक कामाचं आठवलं. अशा सरकारी रांगांत पाहुण्याचं नाव कोणीतरी आधी उच्चारतं, मग हात पुढे येतो. हेच लग्नात करा. वधूच्या अर्ध्या पाहुण्यांना वर ओळखत नाही आणि वराच्या अर्ध्यांना वधू. बरोबर अशी एक व्यक्ती हवी जी दोन्हीकडची नसली तरी आपल्या बाजूची खडान् खडा माहिती असलेली असेल. प्रत्येक घरात अशी एक आत्या किंवा मामी असतेच. तिने दोन पावलं पुढे चालायचं आणि टेबलाशी पोचल्यावर खणखणीत आवाजात म्हणायचं, 'हे अमुक, बाबांचे शाळेपासूनचे मित्र.' झालं. वराला कळलं आणि वधूला आठवलं.

अर्धचंद्र

वरच्या प्रतिसादाला माझ्याकडून शंभर गुण. मला चेहरे ओळखता येत नाहीत. विसराळूपणा नव्हे, खरोखरच येत नाहीत. प्रोसोपॅग्नोसिया म्हणतात त्याला. योआखिम बोडामर या जर्मन डॉक्टरने १९४७ मध्ये हे नाव दिलं. आवाज, चाल, केशरचना यावरून मी माणसं ओळखतो, आणि लग्नात नेमकं सगळ्यांचं रूप बदललेलं असतं. रोज भेटणारी सहकारी नटून आली की माझ्यासाठी अनोळखी.

माझ्या लग्नात बायको माझ्याआधी नाव घेऊन बोलायची: 'अरे वा, संगणक विभाग आला का!' बहुतेकांना पत्ताही लागला नाही. पाहुण्यांसाठी पण विनंती: नवरा-नवरीला 'ओळखलंस का मला?' हा प्रश्न विचारू नका. त्या दिवशी तर मुळीच नको.

निमूट

'ओळखलंस का' विचारणाऱ्यांसाठी वेगळी रांग ठेवा.

कॅमेऱ्यामागून

लग्नांचे फोटो काढणं हा माझा व्यवसाय आहे, म्हणून पलीकडची बाजू सांगतो.

स्टेजवरच्या गटफोटोंमध्ये पहिल्या काहींत हसू खरं असतं. पुढे ते चेहऱ्यावर चिकटवल्यासारखं होतं, आणि शेवटच्या फोटोंत नवरा-नवरी कॅमेऱ्याच्या पलीकडे कुठेतरी बघत असतात. ९० गटफोटो काढले की अल्बममध्ये किती जातात ते माझ्याकडून ऐकू नका. लोक मागतात ते फोटो वेगळेच असतात: आजोबा नातसुनेशी काहीतरी कुजबुजतायत, मैत्रिणी गळ्यात गळे घालून रडतायत. हे रांगेत होत नाही, कारण मागचा माणूस बघत असतो.

टेबलांवर जाणार असाल तर फोटोग्राफरला आधी सांगा. दर टेबलामागे एक फोटो, तो पोचताक्षणी. गप्पा सुरू झाल्यावर थांबवून फोटो काढला की सगळ्यांचा विरस होतो आणि त्यातच दोन मिनिटं जातात. निम्मे लोक आपल्याकडे पाठ करून बसलेले असतात. त्यांनी उठून समोरच्यांच्या खुर्च्यांमागे उभं राहायचं, हे तुमच्या त्या मामीने ओरडून सांगायचं. माझं कोणी ऐकत नाही.

टेबलांमध्ये दोन माणसं शेजारीशेजारी चालू शकतील एवढी जागा आहे का तेही बघून ठेवा. आखणी करताना खुर्च्या आत सरकवलेल्या असतात. माणसं बसली की त्या बाहेर येतात आणि वाट संपते. पायघोळ पोशाख घालून तिथून जाणं हा वेगळाच कार्यक्रम आहे.

नाडीपरीक्षा

मी डॉक्टर आहे. स्टेज किंवा दार ठरलंच तर एक गोष्ट लक्षात ठेवा. खूप वेळ गुडघे ताठ ठेवून एका जागी उभं राहिलं की रक्त पायांत साचतं. पोटरीचे स्नायू आवळले की ते वर ढकललं जातं, पण न हलता उभं राहिल्यावर हे काम थांबतं. रक्तदाब उतरतो आणि माणूस कोसळतो. पहाऱ्यावरचे सैनिक चक्कर येऊन पडतात ते यामुळेच. त्यात सकाळपासून पोटात काही नाही, अंगावर जड कपडे, वर दिव्यांची उष्णता.

टाचा उचला, वजन या पायावरून त्या पायावर घ्या, पोटऱ्या आवळा-सोडा. कपड्यांमुळे कोणाला दिसत नाही. पाणी प्या. आणि भेटीगाठी सुरू करण्याआधी दोघांनी बसून पोटभर खा. टेबलांच्या फेरीत हे आपोआप होत नाही, उलट सगळे जेवत असतात आणि तुम्ही दोघं उपाशी फिरता.

काठावरची

हात मिळवायचा, मिठी मारायची की नुसते हात जोडायचे, याचंही बोला. माझा स्वभाव मिठीचा नाही आणि त्या दिवशी मला कोणी विचारलं नाही.

नाडीपरीक्षा

साधा उपाय: पाहुणा दोन पावलांवर असतानाच आपली कृती सुरू करायची. हात जोडून उभ्या असलेल्या माणसाला मिठी मारणं जरा अवघड असतं. बाकी वेळी समोरच्याला पुढाकार घेऊ द्या, विशेषतः वयस्कर माणसांना.

आणि हस्तांदोलन करणार असाल तर उजव्या हातातल्या अंगठ्या काढून डाव्या हातात घाला. जोरात हात दाबणारे दहा जण भेटले की बोटांना कळतं. जंतूंचं म्हणाल तर २०१४ मध्ये ब्रिटनमधल्या अ‍ॅबरिस्टविथ विद्यापीठातल्या प्रयोगात मुठीला मूठ टेकवण्यापेक्षा हस्तांदोलनात सुमारे दहापट जास्त जिवाणू एका हातावरून दुसऱ्यावर गेले होते. पण म्हणून काही आजेसासूबाईंपुढे मूठ करू नका. जेवणाआधी हात धुवा, पुरे.

वेगळं_घर

माझा प्रश्न थोडा वेगळा, पण धागा योग्य वाटला म्हणून लिहितेय. माझे आई-वडील बऱ्याच वर्षांपूर्वी वेगळे झालेत. स्टेजवर किंवा दारात यजमान म्हणून दोघांनी शेजारी उभं राहायचं ही कल्पनाच दोघांना नको आहे. आणि एकाला उभं केलं तर दुसऱ्याचं काय?

जुनी_वही

तुझ्यासाठी टेबलांचीच पद्धत बरी, पोरी. कोणी कोणाच्या शेजारी उभं राहण्याचा प्रश्नच येत नाही. आईने तिच्या माणसांची टेबलं सांभाळावी, वडिलांनी त्यांच्या. तुम्ही दोघं आईच्या टेबलांशी गेलात की ती सोबत, वडिलांच्या टेबलांशी गेलात की ते. दारात स्वागताला दोघं हवेच असतील तर वेळ वाटून घ्या, पहिली वीस मिनिटं एक, पुढची वीस दुसरा. कोण आधी, हे मात्र तू ठरवू नकोस, त्यांनाच आपसात ठरवू दे. तू ठरवलंस की कोणीतरी दुखावणार.

वेगळं_घर

खूप आभार. हे सुचलं नव्हतं.

रांगेतला_शेवटचा

नाव बघून कळलंच असेल मी कोण ते. रांगेत थांबण्याचं मला फार वाईट वाटत नाही. चीड येते ती साहेब आले की बाजूच्या पायऱ्यांवरून थेट वर नेतात तेव्हा. मागे उभ्या असलेल्या आजी बघत राहतात.

ढोबळमान

@रांगेतला_शेवटचा, हे अभ्यासकांनीही नोंदवलंय. डेव्हिड मेस्टर यांनी १९८५ मध्ये वाट बघण्याच्या मानसशास्त्रावर लिहिलं, त्यातले तीन मुद्दे इथे चपखल बसतात: रिकामं थांबणं जास्त लांब वाटतं, किती थांबायचं हे माहीत नसेल तर आणखी लांब, आणि अन्याय होतोय असं वाटलं तरीही लांब. स्टेजची रांग तिन्ही गोष्टी एकदम करते.

आता मूळ प्रश्न. तिन्ही पक्ष एक गोष्ट धरून चाललेत, की भेट विधीनंतरच व्हायला हवी. का? विधीनंतर सगळे एकाच क्षणी मोकळे होतात, आणि रांग लागते ती माणसं एकदम आल्यामुळे. कोपनहेगनच्या टेलिफोन केंद्रात किती कॉल एका वेळी येतील याचा हिशेब एरलांग या डॅनिश गणितज्ञाने १९०९ मध्ये मांडला, तेव्हापासून रांगांचं शास्त्रच झालंय, पण आपल्याला भागाकार पुरे.

पाहुणे येताना एकदम येत नाहीत. ४५ मिनिटांत विखरून येतात. ९० गट, ४५ मिनिटं, म्हणजे मिनिटाला दोन. दारातल्या माणसाने प्रत्येक गटाला २० सेकंद दिले तर तो मिनिटाला तीन गट सांभाळू शकतो. मध्येच झुंबड उडेल, तरी एखादं मिनिट थांबावं लागेल फार तर. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला नियम लावा: मिनिटाला दोन गट येतायत आणि प्रत्येक जण सरासरी एक मिनिट थांबतोय, तर दाराशी कोणत्याही वेळी सरासरी दोनच गट उभे दिसतील. याला कोणी रांग म्हणणार नाही.

म्हणून: येतानाचं स्वागत आई-बाबांनी आणि सासू-सासऱ्यांनी दारात करावं. आपण आल्याची नोंद झाली, हे समाधान पाहुण्याला तिथेच मिळतं. मग टेबलांच्या फेरीवरचा ताण निम्मा होतो, एखादं टेबल राहिलं तरी त्यांचं स्वागतच झालं नाही असं होत नाही.

काठावरची

याला जोडून एक. दारात वधूकडचं एक आणि वराकडचं एक, अशी मिश्र जोडी उभी करा. आई-बाबा एकत्र आणि सासू-सासरे एकत्र असं केलंत की समोरच्या घरचा पाहुणा आला की दोघंही कोरे चेहरे करून हसतात. मिश्र जोडीत एक तरी ओळखतोच, आणि तो दुसऱ्याशी ओळख करून देतो. दोन घरांची ओळख तिथेच सुरू होते.

मधली_बहीण

काल रात्री सगळ्यांनी बसून ठरवलं. इथले प्रतिसाद वाचून दाखवले, ११० तासांवर बाबा गप्प झाले. आईला टेबलांपेक्षा दारातली मिश्र जोडी जास्त आवडली, कारण त्यात तिला काम आहे.

तर असं: पाहुणे येताना आई आणि सासरे एका दाराशी, बाबा आणि सासूबाई दुसऱ्या दाराशी. आम्ही दोघं तेव्हा तयार होत असू, दिसणारही नाही. विधी संपला की आम्ही पंधरा मिनिटं आत जाऊन जेवणार, दार बंद करून. मग टेबलं. सुरुवात वयस्कर मंडळींच्या आणि लांबून आलेल्यांच्या टेबलांपासून, म्हणजे लवकर निघणारे राहणार नाहीत. पुढे आत्या, नावं घ्यायला. मागे माझी धाकटी बहीण घड्याळ घेऊन. तीन मिनिटं झाली की ती येऊन माझ्या कानात काहीतरी सांगितल्यासारखं करणार आणि आम्ही 'येतो हं' म्हणून सरकणार. बाबांच्या ऑफिसच्या टेबलांना बाबा स्वतः घेऊन जाणार, तिथे बसायचं नाही, उभ्या-उभ्या दोन वाक्यं, कोणाला उठू द्यायचं नाही. काकूंचा घास लक्षात आहे.

नवऱ्याने फक्त एक सुचवलं, दोघांनी वेगवेगळी टेबलं घेतली तर वेळ निम्मा होईल.

जुनी_वही

नको. प्रत्येक टेबलावर 'नवरा कुठाय?' आणि 'नवरी कुठाय?' याचंच उत्तर देत बसाल.

कॅमेऱ्यामागून

आणि फोटोग्राफर एकच असतो.

मधली_बहीण

:) सांगते त्याला. जे कोणी मध्येच निघतील त्यांच्यासाठी दारात चुलतभाऊ बसवतोय. कोणी निघालं की तो मला फोन करणार नाही, बहिणीला करणार, आणि शक्य असेल तर आम्ही दाराशी धावणार. नाही जमलं तर त्या माणसाचं नाव लिहून ठेवणार, दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं त्यांना फोन करू. एकेकटे नाही, दोघं मिळून.

रांगेतला_शेवटचा

आणि साहेब?

मधली_बहीण

साहेब चौदाव्या टेबलावर. तेराव्यानंतर.

जुनी_वही

सगळं छान. स्टेजच नाही म्हणजे तिथला सोफाही नाही का गं? आजी बसणार कुठे?

मधली_बहीण

सोफा आहे काकू, खाली मांडतोय, दारापासून चार पावलांवर. आजीने सांगितलंय, मी पाय हलवणार नाही, पण आत येणारा प्रत्येक जण मला दिसला पाहिजे. म्हणजे दोन दारांपैकी कुठल्या दाराशी, यावरून आता आई आणि बाबांचं चाललंय.